हाताने फिरवलेली रवी

“रवी थांबली!”

काकू लोखंडी जिन्यावरून ओरडल्या आणि खाली दाराशी बसलेला नवा पहारेकरी धडपडून उठला. “कोण रवी? मी तर कुणालाच थांबवलं नाही!”

एरवी एवढ्यावर अख्खी पाळी आठवडाभर हसली असती. आज कुणाला हसू आलं नाही. दिवे गेले होते, पंखे गेले होते, आणि खोलीएवढ्या पोलादी टाकीच्या पोटात अखंड फिरणारं लांब पातं, ज्याला कारखान्यात सगळे रवी म्हणत, घोगरा उसासा टाकून थांबलं होतं. त्याची घरघर इतकी अंगवळणी पडली होती की ती आहे हे कुणाच्या लक्षातही येत नसे. ती थांबली आणि सगळा कारखाना एकदम बहिरा झाल्यासारखा वाटला.

काकूंनी आधी टाकीवरच्या तापमानाच्या काट्याकडे पाहिलं. काटा जागेवर होता. टाकीला जाड वेष्टण होतं, ऊब काही तास टिकली असती. पण ऊब टिकून काय उपयोग? आतला माल तळाशी बसायला लागला असणार.

त्या टाकीत नेहमीचा स्वच्छ बाटल्यांचा चुरा नव्हता. त्यात आज पहिल्यांदाच चिकटलेला माल घातला होता. खाऊची रिकामी पाकिटं, शाम्पूच्या पुड्या, सुतात पॉलिस्टर मिसळून विणलेले जुने गणवेश. एकेका पाकिटात दोन-तीन थर, मध्ये चांदीसारखा पातळ पत्रा, आणि सगळे एकमेकांना असे धरून बसलेले की त्यांना सोडवायचं नाव कुणी काढू नये. हा माल कुणी पुरतं, कुणी जाळतं, कुणी नुसताच नजरेआड करतं. विकत मात्र कुणी घेत नाही.

डॉक्टरबाईंचं एन्झाइम त्या सगळ्या गर्दीत फक्त पॉलिस्टर ओळखत होतं. ते सापडलं की त्याची साखळी कडीकडीने उसवायची. पॉलिस्टर आपल्या मूळच्या दोन पदार्थांत उतरलं की बाकीचे थर सुटे व्हायचे, आणि त्या मूळ पदार्थांपासून पुन्हा कोरं पॉलिस्टर बनवता यायचं. शाळेच्या पुस्तकात अशा गोष्टीला विकर म्हणतात. कारखान्यात सगळे ‘औषध’ म्हणायचे, कारण ते डॉक्टरबाईंनी आणलेलं. डॉक्टरबाई रसायनशास्त्राच्या डॉक्टर होत्या, पण पाकिटं निवडणाऱ्या बायका सर्दी-खोकल्याची गोळी त्यांच्याकडेच मागायच्या आणि त्या बिचाऱ्या स्वतःच्या पर्समधून देतही असत.

त्या आता धापा टाकत जिना चढत होत्या. “काकू, जनरेटर?”

“वायरमन गेलाय बघायला.”

वायरमन तेवढ्यात खालूनच ओरडला, “दोनदा खोकला आणि मेला! आणि बाहेर रस्ता खोदणाऱ्यांनी मोठी केबल तोडलीय. संध्याकाळपर्यंत विसरा!”

डॉक्टरबाई मटकन पायरीवर बसल्या. पॉलिस्टर तुटतं तेव्हा त्यातून आम्ल सुटतं. ते सतत ढवळत, थोडा थोडा क्षार घालत मारावं लागतं. नाही मारलं तर आंबटपणा वाढत जातो आणि औषध निपचित पडतं. आणि औषध होतं नव्हतं तेवढं सगळं या एका टाकीत ओतलेलं. ते तयार करायला प्रयोगशाळेला वर्षाहून जास्त लागलं होतं.

साहेबांचा फोन आला. साहेब दुसऱ्या गावी होते. “टाकी सुरक्षितपणे बंद करा,” ते म्हणाले. “कुणाचा दोष नाही. पुढच्या वेळी बघू.”

“उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं,” फोन ठेवल्यावर काकू म्हणाल्या.

“साहेब चांगले आहेत हो,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “पण पुढची वेळ नाहीये, काकू. वरच्यांनी एकदाच मोठी चाचणी करा म्हणून सांगितलंय. ही गेली तर चिकटलेल्या मालाचा विभाग बंद. पुन्हा बाटल्या एके बाटल्या. बाटल्या काय, कुणीही वितळवतं. सगळं मुसळ केरात.”

काकू पन्नाशी ओलांडलेल्या, अंगाने आडव्या, चष्म्याच्या दोरीला गाठ मारून तो गळ्यात अडकवणाऱ्या. पाच वर्षांपूर्वी त्या इथे पट्ट्यावर पाकिटं निवडायला आल्या होत्या. टाकी बसली तेव्हा ती चालवायला माणसं हवी होती. वीस-बावीस वर्षांच्या मुलामुलींच्या वर्गात मागच्या बाकावर बसून त्यांनी परीक्षा दिली, एकदा नापास झाल्या, पुन्हा दिली, आणि टाकीच्या चालक झाल्या. तेव्हापासून ती ‘काकूंची टाकी’. डॉक्टरबाईसुद्धा वर चढण्याआधी “काकू, येऊ का?” असं विचारायच्या.

“वायरमन,” त्यांनी हाक मारली, “हिला फिरवायचा दुसरा काही मार्ग आहे का रे?”

वायरमन वर आला. मान खाजवली. “गिअरच्या मागं एक हँडल बसतं. सफाईच्या वेळी मी त्यानंच पातं फिरवतो. पण ते रिकाम्या टाकीत. भरलेल्या टाकीत म्हणजे... काकू, विहिरीतला हत्ती ओढण्यासारखं आहे ते.”

“डॉक्टरबाई, हळू फिरली तर चालेल?”

डॉक्टरबाई उठल्या. बोटांवर काहीतरी मोजलं, हवेत आकडे लिहिले. “तळाशी बसू दिलं नाही तर चालेल. क्षार मी बेतानं देईन, दर थोड्या वेळानं आंबटपणाचा कागद बुडवून बघत. पण थांबायचं नाही. मध्ये थांबलो तर बसलेला माल पुन्हा उचलणार नाही.”

“मग बसव हँडल,” काकू वायरमनला म्हणाल्या. “आणि आधी मुख्य बटणाला कुलूप घाल. वीज अचानक आली तर हँडल गरकन फिरून कुणाचा तरी हात मोडेल.”

वायरमनने कुलूप घातलं. किल्ली काकूंनी स्वतःच्या खिशात टाकली.

पहिल्यांदा वायरमन आणि पहारेकरी लागले. हँडल तसूभर हललं नाही. मग काकूही लागल्या. तिघांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, आणि टाकीच्या पोटातून चिखलातून पाय काढावा तसा ‘फचक’ आवाज आला. पातं एक वेढा फिरलं. मग दुसरा.

“फिरतेय!” डॉक्टरबाई लहान मुलीसारख्या ओरडल्या.

काकूंनी खाली निवडीच्या हॉलमध्ये निरोप पाठवला. बायका आल्या, ट्रकवाले आले, हिशेबाच्या खोलीतले चष्मेवाले बाबू आले, उपाहारगृहाचा आचारी एप्रनसकट आला. वरच्या अरुंद माचीवर हँडलपाशी एका वेळी चारच जण मावत. काकूंनी जोड्या लावल्या. दमला की बाजूला, पाणी प्यायचं, जिन्यावर बसायचं, पुन्हा पाळी आली की उभं राहायचं. कुणी कुरकुर केली नाही असं नाही. ट्रकवाला म्हणाला, “काकू, मी गाडी चालवायला पगार घेतो, ताक घुसळायला नाही.” काकू म्हणाल्या, “मग गाडीत बसून राहा, लोणी आलं की बोलावते.” तो हसला आणि हँडलला लागला.

डॉक्टरबाई डोळ्यांवर जाड चष्मा, हातात लांब मोजे घालून टाकीच्या तोंडाशी उभ्या होत्या. नळीतून थोडं पाणी काढायचं, कागद बुडवायचा, रंग बघायचा, क्षाराचं मापटं ओतायचं. मध्येच त्यांनीही हँडल धरलं. पाळी संपवून त्यांनी तळहात पाहिला आणि पटकन मूठ मिटली. काकूंनी ते पाहिलं.

“दाखवा.”

“काही नाही हो.”

“फोड फुटलाय. त्या हातानं क्षाराला शिवायचं नाही आता. मापटं वायरमन ओतेल, तुम्ही नुसतं सांगायचं.” आणि त्यांनी आपल्या डब्याभोवतीचं धुतलेलं फडकं काढून डॉक्टरबाईंच्या हाताला बांधलं.

ते बांधतानाच काकूंना एकदम आठवलं. आज आबांना, त्यांच्या वडिलांना, छातीच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं! मोठ्या डॉक्टरांची वेळ मिळायला महिने लागले होते. त्या दुपारी सुटून जाणार होत्या, तशी परवानगीही काढून ठेवली होती. खिशातला फोन तेवढ्यात वाजलाच.

“अगं, आम्ही बूट घालून बसलोय,” पलीकडून नवरा म्हणाला. तो शाळेची बस चालवायचा. “आबांनी इस्त्रीचा शर्ट घातलाय. निघालीस का?”

“अहो, मला निघता येत नाही.” काकूंनी दोन वाक्यांत काय झालं ते सांगितलं. “तुम्ही न्या ना आबांना.”

मागे खोकल्याची मोठी उबळ ऐकू आली. मग फोन आबांनी हिसकावून घेतला असावा. “काय झालं पोरी?”

“आबा, टाकी बंद पडलीय. हातानं फिरवतोय. तुम्ही जावईबापूंबरोबर जा.”

“त्याला काय कळतं माझ्या छातीतलं? डॉक्टरनं विचारलं तर हा बसचं मायलेज सांगेल. कसली टाकी? काय आहे तीत?”

“पाकिटं आहेत आबा. चिकटलेली.”

पलीकडे थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. शिट्टीसारखा. मग फोन बंद झाला.

आबा काकूंच्या कामाबद्दल कधी एक शब्द चांगला बोलले नव्हते. आबा भंगारवाले. जन्मभर हातगाडी ढकलली. घरामागच्या अंगणात लोखंडाचा ढीग, तांब्याचा, रद्दीचा, बाटल्यांचा. आणि कोपऱ्यात एक शेवटचा ढीग, ज्याला वाली नाही. पाकिटं, पुड्या, मिसळ धाग्यांचे कपडे. पुढचा व्यापारी ते घेत नसे, मागे टाकायला जागा नसे. दिवस मावळताना आबा ते खड्ड्यात घालून पेटवून द्यायचे. सगळेच भंगारवाले तेच करत. काळा धूर उठायचा आणि आबा त्याच्या कडेने काठी घेऊन फिरत राहायचे, आग पसरू नये म्हणून. छातीतली शिट्टी त्या धुराची होती, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

मुलीला या सगळ्यातून बाहेर काढायचं म्हणून आबांनी तिचं लग्न गणवेश घालून बस चालवणाऱ्या माणसाशी लावून दिलं होतं. म्हणूनच ती पट्ट्यावर कामाला लागली तेव्हा ते भडकले होते. “तुला त्या ढिगातून बाहेर काढायला मी हाडांची काडं केली, आणि तू पुन्हा त्यातच जाऊन बसलीस!” ती टाकीची चालक झाली, त्याचे पेढे नाही की कौतुक नाही. “या ना आबा एकदा बघायला,” असं ती म्हणाली की ते म्हणत, “कचरा बघायला घराबाहेर कशाला पडू? पोटभर बघितलाय.”

माचीवर आता जोर कमी पडायला लागला होता. बाबूंचा जोर पुढे तर आचाऱ्याचा मागे. हँडल हिसके देत होतं, मध्येच अडत होतं. टाकीतून येणारा आवाज जड झाला होता.

“माल बसतोय,” डॉक्टरबाई म्हणाल्या. कागदाचा रंग त्यांना आवडला नव्हता.

त्याच वेळी फाटकातून शाळेची पिवळी बस आत आली. पहारेकरी वर जिन्यावर पाळीसाठी बसला होता, त्यामुळे अडवायला कुणी नव्हतं. बसमधून आधी काकूंचा नवरा उतरला आणि मग, इस्त्रीच्या शर्टात, काठी टेकत, आबा.

काकू धावतच खाली गेल्या. “आबा! दवाखाना?”

“दवाखाना कुठं पळून जातो?” आबांनी दम घेतला. “तू पाकिटं म्हणालीस.”

नवरा मागून हळूच म्हणाला, “मी गाडी दवाखान्याकडेच वळवत होतो. स्टिअरिंगवर काठी मारली त्यांनी.”

टाकीशेजारी अजून न घातलेल्या मालाचं गाठोडं होतं. आबांनी त्यातलं एक पाकीट उचललं. उलटंपालटं केलं, बोटांनी चोळलं. “हे घातलंत आत? हे?”

“हो.”

“हे सुटत नाही, पोरी. मी नखं झिजवलीत.”

“मला माहीत आहे, आबा. मी तुमच्या शेजारी बसूनच सोडवायला बघायची. पण आत सुटतं.”

आबांनी तिच्याकडे पाहिलं, मग वर माचीकडे. तिथे एक ओझ्याने वाकलेला बाबू, एक आचारी, दोन बायका हँडलला लोंबकळत होत्या. आबांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. “हे असं ओढतात का? चार बैल चार दिशांना! दोघांनी गाडी चढावर घ्यायची तर एका सुरात लागतं.”

त्यांना कुणीतरी खुर्ची दिली. ती त्यांनी जिन्याच्या तोंडाशी ठेवायला लावली. काठी उचलून जिन्याच्या कठड्यावर आपटली. ठण्. मग पुन्हा, ठण्. आणि मान वर करून त्यांनी हाक दिली. हातगाडीवर गल्लोगल्ली देत आलेली, चढावर दम धरायला वापरलेली.

“मोडकंऽऽ... तोडकंऽऽ... भंगाऽऽर!”

तिसऱ्या शब्दावर त्यांचा आवाज फाटला आणि उबळ आली. ते खुर्चीत वाकले. काकू पुढे झाल्या, पण आबांनी हातानेच थांबवलं आणि काठी पुन्हा आपटली. ठण्.

काकूंना लहानपणी ही हाक दुरून ऐकू आली की मैत्रिणींच्या मागे लपावंसं वाटायचं. शाळेच्या रस्त्याला आबा आले की त्या बुटाची नाडी बांधायला खाली वाकायच्या आणि गाडी जाईपर्यंत बांधतच राहायच्या. आता त्या जिन्याच्या मधल्या पायरीवर उभ्या राहिल्या, छाती भरून घेतली आणि अख्ख्या कारखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या,

“मोडकंऽऽ!”

हँडल पुढे गेलं.

“तोडकंऽऽ!”

हँडल खाली आलं.

“भंगाऽऽर!” हे मात्र वरून चौघांनी एकदम म्हटलं, आणि पातं एका झोकात पूर्ण फिरलं.

मग ती हाक थांबलीच नाही. पाळ्या बदलल्या, माणसं बदलली, हाक तीच. ट्रकवाल्याचा आवाज सगळ्यांत खणखणीत. बाबू “भंगार” म्हणताना लाजायचे, मग तेही सुटले. डॉक्टरबाई फडकं बांधलेला हात वर करून ताल धरत होत्या आणि परदेशात शिकून आलेल्या त्या बाई घसा ताणून “मोडकंऽऽ तोडकंऽऽ” ओरडत होत्या. खाली खुर्चीत आबा बसले होते, ओठ मिटून, काठी आपटत. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. पण ठोका एकदाही चुकला नाही.

ऊन कलायला लागलं तेव्हा दिवे लुकलुकले. एकदम कुणाला कळलंच नाही. हाक चालूच राहिली. मग वायरमन नाचायला लागला.

“थांबा! सगळे हात काढा!” काकू म्हणाल्या. हँडल काढून घेतलं, माची मोकळी केली, मगच खिशातून किल्ली काढली. कुलूप निघालं. त्यांनी बटण दाबलं. रवी कण्हली, अडखळली आणि फिरायला लागली. त्या घरघरीवर माणसं अशी टाळ्या वाजवायला लागली की जणू कुणी गायला बसलं आहे.

डॉक्टरबाईंनी नळीतून एक काचेचं भांडं भरून घेतलं आणि चाळणीवर ओतलं. त्या चाळणी घेऊन खाली आल्या, आबांच्या पुढ्यात उकिडव्या बसल्या, चाळणीवर साधं पाणी ओतून माल धुतला.

चाळणीत चांदीचे पातळ तुकडे एकीकडे गोळा झाले होते. दुसरीकडे पारदर्शक साली. मध्ये कापसाचा मऊ लगदा. कुणी कुणाला धरून नव्हतं.

“हात लावू?” आबांनी विचारलं.

“लावा ना आजोबा. धुतलंय.”

आबांनी एक चांदीचा तुकडा आणि एक साल दोन बोटांत धरून पाहिली. एकमेकांवर ठेवली, पुन्हा उचलली. ती सहज सुटली. त्यांनी तेच पुन्हा केलं. मग पुन्हा. शेवटी ते म्हणाले, “घरी चला. भूक लागली.”

बसमध्ये मागच्या बाकांवर कुठल्या तरी पोराची पाण्याची बाटली राहिली होती, ती गडगडत होती. आबा खिडकीशी बसले होते. अर्धा रस्ता गेल्यावर त्यांनी विचारलं, “ते औषध जिवंत असतं का गं?”

“नाही आबा. जिवंत जंतूंकडून बनवून घेतात. पण स्वतः जिवंत नाही.”

“विरजणासारखं?”

“विरजण जिवंत असतं. पण तसंच, थोडंसंच सगळ्याला पुरतं. आणि ते फक्त एकच जोड ओळखतं. दुसऱ्याला हात लावत नाही.”

“शहाणं आहे,” आबा म्हणाले. आणि डोळे मिटले.

त्या टाकीतून पॉलिस्टरच्या मूळ पदार्थाची पांढरीशुभ्र पूड निघाली. जेवढी निघायला हवी होती त्याहून थोडी कमी, पण विभाग चालू ठेवायला पुरेशी. साहेब येऊन सगळ्यांशी हात मिळवून गेले. वरच्यांनी आणखी औषध बनवायला मंजुरी दिली, आणि नवा जनरेटरही. त्या पुडीपासून दुसऱ्या एका कारखान्यात पॉलिस्टर झालं, त्याचा धागा झाला, धाग्याचं कापड झालं. एके दिवशी डॉक्टरबाईंनी त्यातला एक तुकडा घडी करून काकूंच्या हातावर ठेवला. डॉक्टरबाईंच्या तळहातावरची जखम भरून तिथे कोवळी कातडी आली होती.

काकूंनी तो तुकडा घरी आणला. आबा पलंगावर टेकून बसले होते.

“हे ते,” त्या म्हणाल्या.

आबांनी काडेपेटी मागितली. कडेचा एक धागा ओढून काढला, पेटवला, नाकाशी धरला. जळलेल्या टोकाची मणी झालेली गाठ बोटांत दाबून पाहिली. कापड दोन्ही हातांनी ताणलं, कानाजवळ नेऊन झटकलं, उजेडात धरून आरपार पाहिलं. गल्लीतल्या बायका म्हणत, आबांचा माल पारखणं म्हणजे मुलगी बघायला आल्यासारखं असतं. काकू उभ्याच होत्या. इतकी धडधड परीक्षेच्या निकालाला झाली नव्हती.

आबांनी कापडाची घडी घातली आणि परत केली. “मी हे घेणार नाही.”

“का, आबा?”

“मी भंगार घेतो,” आबा म्हणाले. “हा नवा माल आहे.”

काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडून बराच वेळ हात धूत उभ्या राहिल्या. नवरा दारात आला, त्याने पाहिलं आणि आल्या पावली मागे फिरला.

छातीच्या डॉक्टरांची पुढची वेळ मिळाली तेव्हा हवा बदलली होती आणि आबा आणखी वाळले होते. दवाखान्यातल्या लांब बाकावर काकू त्यांच्या शेजारी बसल्या. पलीकडे एक वयस्कर गृहस्थ होते, निवृत्त शिक्षक असावेत तसे नीटनेटके. वेळ जावा म्हणून ते बोलायला लागले. कुठून आलात, किती दिवसांचा त्रास, असं विचारता विचारता त्यांनी काकूंकडे पाहून विचारलं, “ही मुलगी का? काय करते?”

काकू काही बोलणार, तोच आबांनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

“सांगतो,” ते म्हणाले. “तुमच्या घरात... ती पाकिटं येतात ना... खाऊची. चांदीची.” दम घेतला. “ती सुटत नाहीत. कुणाच्या बापाला सुटत नाहीत. मी सांगतो, मला माहीत आहे. माझा धंदाच तो.”

“बरं,” गृहस्थ म्हणाले.

“हिच्याकडे टाकी आहे. एवढी.” आबांनी हात पसरले, ते पुरेनात म्हणून पुन्हा पसरले. “तिच्यात एक... दिसत नाही असं... उसवणारं असतं. ते सगळं सोडत नाही. एक जोड... नेमका एकच...” शिट्टी वाढली. ते थांबले. बाकावरची माणसं ऐकायला लागली होती. “तो काढला की बाकीचं आपोआप...”

दार उघडलं. नर्सने पुढचं नाव पुकारलं. ते आबांचं होतं.

“आबा, चला,” काकू हळूच म्हणाल्या. “आपला नंबर.”

आबा उठले नाहीत. त्यांनी एक हात वर केला, रस्त्यात गाडी थांबवावी तसा, आणि दुसरा काकूंच्या मनगटावर तसाच राहू दिला. नर्स दारात थांबली. गृहस्थ जरा पुढे वाकून बसले. आबांनी डोळे मिटून छातीत मावेल तेवढा श्वास भरून घेतला.

“आणि एकदा काय झालं,” ते म्हणाले, “वीज गेली...”